पेशींचा सांगावा: उंदरांवरचा परजीवी-प्रयोग पायरीपायरीने कसा वाचावा

एम. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा सेमिनार सुरू होता. एका मुलीने लिश्मानिया या एकपेशीय परजीवीवरचा शोधनिबंध मांडला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आयएल-४ मुळे उंदीर आजारी पडतो.' (आयएल-४ म्हणजे पेशी एकमेकींना निरोप द्यायला जी प्रथिनं सोडतात त्यांपैकी एक.) तिच्यानंतरच्या मुलीकडे चाबूककृमी या आतड्यातल्या जंतावरचा निबंध होता. तिने त्याच ओळीखाली लिहिलं, 'आयएल-४ मुळे उंदीर बरा होतो.' वर्गात एकच कालवा झाला. दोघींनी आपापला निबंध नीट वाचला होता, आकडे बरोबर सांगितले होते, आणि दोघींचंही म्हणणं खरं होतं. त्या दिवशी तास संपला तरी आम्ही उठलो नाही. फळ्यावर जे प्रश्न एकाखाली एक लिहीत गेलो, त्यांतूनच हा लेख तयार झाला आहे.

आपल्या मराठवाड्यात परजीवीशास्त्र म्हटलं की डोळ्यांपुढे वेगळंच चित्र येतं. खाटकाकडून आणलेलं शेळीचं आतडं, गोदावरीतला मासा, त्यातून काढलेला पट्टकृमी, रंगवलेली स्लाइड आणि कॅमेरा ल्युसिडाने (सूक्ष्मदर्शकात दिसतं ते कागदावर उतरवायच्या साधनाने) काढलेली आकृती. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठापासून तालुक्याच्या कॉलेजापर्यंत कित्येकांनी या कामात आयुष्य घातलं. मीही त्यातच घडले आणि मला त्याचा अभिमान आहे. पण पट्टकृमीच्या डोक्यावरचे चोषक नि आकडे (हुक) मोजता मोजता यजमान प्राणी मागे राहतो. एकाच कळपातल्या एका शेळीच्या पोटात जंतांचा गुंता असतो आणि तिच्या शेजारी चरणारी जवळपास स्वच्छ असते. असं का? याचं उत्तर शोधायला उंदरावरचे प्रयोग फार कामाला येतात. मात्र ते वाचायचे कसे, हे कुणी शिकवत नाही.

सुरू करण्याआधी एक शब्द ठरवून घेऊ. पेशी एकमेकींना ज्या प्रथिनांमार्फत निरोप देतात, त्यांना सायटोकाइन म्हणतात. आयएल-४, आयएल-१२, आयएल-१३, इंटरफेरॉन गॅमा ही सगळी सायटोकाइनंच. मी वर्गात त्यांना 'सांगावा' म्हणते. पूर्वी लग्नाचा, बाळंतपणाचा, मयताचा सांगावा माणूस घेऊन जायचा. तो पोचला तरी ऐकणारा घरी असावा लागायचा, आणि उशिरा पोचला तर त्याचा उपयोग नसायचा. पेशींचंही तंतोतंत असंच आहे. ऐकणारा म्हणजे पेशीवरचा रिसेप्टर. तो नसेल तर सांगावा कितीही मोठा असो, वाया जातो.

आता वही घ्या. एका निबंधाला एक आडवं पान. सारांश आधी वाचू नका. सारांशात निष्कर्ष असतो, आणि एकदा निष्कर्ष डोक्यात बसला की डोळे पुराव्यावरून घसरत जातात. आधी 'साहित्य आणि पद्धती' हा भाग उघडा.

पहिली पायरी: परजीवीचं घर शोधा

पानाच्या वरच्या कोपऱ्यात परजीवीचं नाव लिहा आणि त्याखाली तो उंदराच्या शरीरात नेमका कुठे राहतो ते. 'आतड्यात' एवढं पुरत नाही. आतड्याचा कोणता भाग, पोकळीत की भिंतीत, पेशीच्या आत की बाहेर, हे सगळं हवं.

लिश्मानिया मेजर वाळूमाशीच्या चाव्यातून त्वचेत शिरतो आणि मॅक्रोफेज या भक्षक पेशीतच बिऱ्हाड थाटतो. जी पेशी त्याला खायला निघाली, तिच्याच पोटात तो वाढतो. उंदरातला चाबूककृमी, ट्रायक्युरिस म्युरिस, अंधांत्र आणि मोठ्या आतड्यात असतो. त्याचं बारीक टोक अस्तराच्या पेशींमध्ये बोगदा करून रुतलेलं असतं आणि जाड मागचं अंग पोकळीत लोंबतं. निप्पोस्ट्राँगायलस या जंताची अळी त्वचेतून शिरते, फुप्फुसातून जाते, वर येऊन गिळली जाते आणि लहान आतड्यात पोचते. टोक्सोप्लाझ्मा हा एकपेशीय परजीवी केंद्रक असलेल्या जवळपास कुठल्याही पेशीत शिरू शकतो.

घर कळलं की हत्यार कळतं. भक्षक पेशीत लपलेला सूक्ष्म परजीवी मारायचा तर त्या पेशीलाच आतून विष तयार करावं लागेल. डोळ्यांना दिसणाऱ्या जंताला मात्र कुठलीही पेशी गिळू शकत नाही. त्याला सैल करायचं, त्याच्याभोवती बुळबुळीत द्राव सोडायचा आणि आतड्याच्या हालचालीने बाहेर ढकलायचं, एवढाच मार्ग उरतो. आमच्या सेमिनारातला निम्मा गोंधळ इथेच मिटला. दोघींचे परजीवी दोन वेगळ्या घरांत राहणारे होते.

दुसरी पायरी: उंदराचं कूळ लिहा

प्रयोगशाळेतले उंदीर पिढ्यान्‌पिढ्या भावंडांच्या संकरातून तयार केलेले असतात, त्यामुळे एका वाणातले सगळे उंदीर जनुकांनी जवळजवळ सारखे असतात. सर्वांत जास्त भेटणारी नावं दोन: सी५७बीएल/६, ज्याला सगळे 'ब्लॅक सिक्स' म्हणतात, आणि पांढरा बाल्ब-सी. लिश्मानिया मेजर दिला तर ब्लॅक सिक्सच्या पायाला फोड येतो आणि काही आठवड्यांत भरतो. बाल्ब-सीचा फोड वाढत जातो आणि परजीवी अंगभर पसरतो.

यावरून 'ब्लॅक सिक्स काटक, बाल्ब-सी नाजूक' असं लिहून मोकळे होऊ नका. लिश्मानियाचीच दुसरी जात, लिश्मानिया डोनोव्हानी, म्हणजे काळा आजाराचा परजीवी, दिला तर ब्लॅक सिक्सही सुरुवातीला त्याला रोखू शकत नाही, कारण एनरॅम्प-१ या जनुकाचं कमजोर रूप या दोन्ही वाणांत आहे. चाबूककृमीची पुरेशी अंडी पाजली तर बाल्ब-सी आणि ब्लॅक सिक्स दोघेही जंत बाहेर टाकतात, आणि एकेआर नावाचा वाण मात्र ते बाळगून बसतो. म्हणून 'प्रतिकारक्षम' हा शब्द वहीत कधीही एकटा लिहू नका. 'अमुक वाण, तमुक परजीवीला' असं पूर्ण लिहा.

नर की मादी, हेही टिपा. आयएल-४ चं जनुक काढून टाकलेल्या बाल्ब-सी उंदरांत माद्या चाबूककृमी बाहेर टाकतात आणि नरांना ते जमत नाही. एवढा फरक एका शब्दात दडलेला असतो, आणि पुष्कळ विद्यार्थी तो शब्द ओलांडून पुढे जातात.

तिसरी पायरी: मात्रा आणि दिवस

ही पायरी छोटी आहे, पण इथे चुकलात तर पुढचं सगळं चुकतं. ब्लॅक सिक्स उंदराला चाबूककृमीची सुमारे २०० अंडी एकदम पाजली तर तीनेक आठवड्यांत तो बहुतेक जंत बाहेर फेकतो. त्याच उंदराला चाळिसाहून कमी अंडी दिली तर जंत पोटातच राहतात आणि वाढून प्रौढ होतात. कूळ तेच, परजीवी तोच, फक्त मात्रा बदलली आणि पेशींचा सांगावाच बदलला. मोठ्या मात्रेला आयएल-४, आयएल-१३ चा सूर लागतो, छोट्या मात्रेला इंटरफेरॉन गॅमाचा.

निसर्गात मात्र अंडी एकदम दोनशे येत नाहीत, थोडी थोडी रोज येतात. प्रयोगात थोडी थोडी अंडी वारंवार पाजून पाहिली तेव्हा सुरुवातीला जंत साठले आणि काही आठवड्यांनी प्रतिकार तयार झाला. आपल्या बांधावर चरणाऱ्या जनावराची गोष्ट या शेवटच्या प्रयोगाच्या जास्त जवळची आहे.

दिवसाचंही तसंच. बाल्ब-सीला लिश्मानिया दिल्यावर पहिल्या आठवड्यात बाहेरून आयएल-१२ टोचलं तर तो बरा होतो. तेच नंतर टोचलं तर फायदा होत नाही. म्हणून वहीत एक आडवी रेघ ओढा, तिच्यावर शून्य दिवस मांडा, आणि परजीवी कधी दिला, उपचार कधी केला, मोजमाप कधी घेतलं, तिन्हींच्या खुणा करा.

चौथी पायरी: सांगाव्याची साखळी काढा

इथे वेळ द्या. मी विद्यार्थ्यांना सांगते, ही आकृती पेन्सिलीने काढा, कारण ती चार वेळा खोडावी लागते. प्रत्येक बाणाला चार गोष्टी हव्यात: कुणी सांगावा धाडला, कोणता धाडला, कुणी ऐकला आणि ऐकून काय काम केलं. चौथी गोष्ट लिहिता येत नसेल तर तो बाण अर्धा आहे असं समजा.

लिश्मानियाची साखळी अशी. डेंड्रायटिक पेशीला (शरीराच्या पहारेकरी पेशीला) परजीवीची चाहूल लागते आणि ती आयएल-१२ सोडते. ते ऐकून टी पेशी, म्हणजे प्रतिकाराची दिशा ठरवणाऱ्या पांढऱ्या पेशी, 'टीएच-१' वळणाच्या होतात आणि इंटरफेरॉन गॅमा सोडतात. मॅक्रोफेज तो ऐकते आणि एक एन्झाइम तयार करते, जे आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड बनवतं. त्या वायूने आतला परजीवी मरतो.

आता दुसरी बाजू बघा, आणि ही जागा मला फार आवडते. आयएल-४ चा सांगावा आला तर तीच मॅक्रोफेज आर्जिनेज नावाचं दुसरं एन्झाइम तयार करते. तेही आर्जिनिनच वापरतं, पण त्यातून ऑर्निथिन आणि पुढे पॉलिअमाइन तयार होतात. ही पॉलिअमाइन परजीवीच्या वाढीच्या कामी येतात. पेशी एकच, कच्चा माल एकच. एका सांगाव्यावर त्याचं विष होतं, दुसऱ्या सांगाव्यावर त्याच मालाने शत्रूचं ताट वाढलं जातं. ही आकृती वहीत समोरासमोर काढा, मग 'आयएल-४ मुळे उंदीर आजारी पडतो' या वाक्याचा अर्थ नेमका कळतो.

टी पेशींची इंटरफेरॉन गॅमा सोडणारं टीएच-१ आणि आयएल-४ सोडणारं टीएच-२ ही दोन वळणं टिम मॉसमन आणि रॉबर्ट कॉफमन यांनी १९८६ मध्ये उंदराच्या पेशींत दाखवली. लिश्मानियाच्या उंदरांनी पुढच्या काही वर्षांत त्या विभागणीला जिवंत प्राण्यातला भक्कम पुरावा दिला. पाठ्यपुस्तकात ही गोष्ट तराजूसारखी काढलेली असते, एक पारडं वर आणि दुसरं खाली. सुरुवातीला तो तराजू ठीक आहे, पण तिथेच अडकू नका.

आता जंताची साखळी. लहान आतड्याच्या अस्तरात टफ्ट नावाच्या पेशी असतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या डोक्यावर केसांच्या झुबक्यासारखं काहीतरी दिसतं. अनेक वर्षं या पेशींचं काम काय ते ठाऊक नव्हतं. एरवी त्या अगदी विरळ, अस्तराच्या शंभर पेशींत जेमतेम एखादी. २०१६ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की आतड्यातल्या परजीवीची पहिली वर्दी याच पेशी देतात. त्या आयएल-२५ सोडतात. अस्तराखाली बसलेल्या आयएलसी-२ या प्रतिकार-पेशी ते ऐकतात आणि आयएल-१३ सोडतात. आयएल-१३ अस्तराच्या मूळपेशींना सांगतं की आता नव्या पेशी घडवताना टफ्ट आणि गॉब्लेट जास्त घडवा. टफ्ट वाढल्या की आयएल-२५ आणखी वाढतं, म्हणजे साखळी वर्तुळ होऊन स्वतःलाच वेग देते. गॉब्लेट पेशी बुळबुळीत द्राव सोडतात, स्नायूंचं आकुंचन वाढतं, आणि निप्पोस्ट्राँगायलस दुसऱ्या आठवड्यात बाहेर पडतो.

मोठ्या आतड्यात चाबूककृमीच्या बाबतीत आणखी एक हत्यार चालतं. अस्तराच्या पेशी तळाशी जन्मतात आणि वर सरकत सरकत गळून पडतात. आयएल-१३ हा सरकता जिना वेगाने चालवतं. जंताचं टोक ज्या पेशींत रुतलेलं असतं त्या पेशीच पायाखालून निघून जातात, आणि जंताची पकड सुटते.

इथे एक खबरदारी. आयएल-४ आणि आयएल-१३ यांचा रिसेप्टर काही अंशी सामाईक आहे, आणि दोघांचा निरोप पेशीच्या आत स्टॅट-६ या प्रथिनामार्फत जातो. म्हणून एकाला काढून टाकलं तरी दुसरा काम निभावून नेऊ शकतो. 'आयएल-४ काढलं, काही झालं नाही, म्हणजे ते निरुपयोगी' असं म्हणण्याआधी रिसेप्टर किंवा स्टॅट-६ काढल्यावर काय झालं ते पाहा.

पाचवी पायरी: सांगावा तोडला कसा, आणि बाहेरून दिला का

परजीवी वाढला तेव्हा एखादं सायटोकाइनही वाढलं, एवढ्याने ते कारण ठरत नाही. पोळ्याला पाऊस पडला म्हणून पोळ्याने पाऊस पाडला असं आपण म्हणत नाही. कारण सिद्ध करायचं तर दोन कसोट्या लागतात.

पहिली: सांगावा तोडा आणि काय बिघडतं ते पाहा. हे प्रतिपिंड टोचून करता येतं, म्हणजे सायटोकाइन वाटेतच धरलं जातं. जनुक जन्मापासून काढून टाकूनही करता येतं. दुसरी पद्धत स्वच्छ वाटते, पण जन्मापासून एक जनुक नसलेला प्राणी वेगळ्या वाटेने घडलेला असू शकतो. प्रतिपिंडाने हव्या त्या दिवशी तोडता येतं, मात्र ते आतड्याच्या कोपऱ्यापर्यंत पुरेसं पोचलं का, ही शंका राहते. दोन्ही रीतींनी एकच उत्तर आलं असेल तर त्या निबंधावर माझा विश्वास बसतो.

दुसरी कसोटी: ज्या प्राण्यात सांगावा नाही त्याला बाहेरून द्या आणि तो बरा होतो का पाहा. बाल्ब-सीला दिलेल्या आयएल-१२ चं उदाहरण वर आलंच आहे.

चाबूककृमीवर १९९४ मध्ये झालेलं एक काम मी दरवर्षी वर्गात घेते, कारण त्यात तोडण्याची कसोटी दोन्ही दिशांनी वापरली आहे. जंत बाहेर टाकणाऱ्या उंदरांत आयएल-४ चा रिसेप्टर अडवला, तर त्यांना जंत टाकता येईनात. जंत बाळगणाऱ्या एकेआर उंदरांत इंटरफेरॉन गॅमा अडवला, तर त्यांनी जंत टाकले. कमकुवत समजला गेलेला उंदीर मुळात कमकुवत नव्हताच. त्याच्याकडे हत्यार होतं, पण चुकीचा सांगावा वरचढ होत होता. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ पान उलटलं नव्हतं.

सहावी पायरी: मोजलं काय

आकृत्यांच्या उभ्या अक्षावर बोट ठेवा. तिथे परजीवींची संख्या आहे की दुसरंच काही? लिश्मानियात पायाची सूज मोजणं सोपं असतं, म्हणून पुष्कळदा तेवढंच दिलेलं असतं. पण सूज म्हणजे परजीवी नव्हे. सूज तर शरीराच्या स्वतःच्या झटापटीनेही येते. जंतांच्या बाबतीत लेंडीतली अंडी मोजली असतील तर तेही जंतांची संख्या नसते, कारण प्रतिकार सुरू झाला की मादी जिवंत राहूनही अंडी कमी घालू शकते.

सायटोकाइन कुठून मोजलं तेही पाहा. प्लीहेतल्या पेशी काचेच्या ताटलीत चेतवून मोजलेला आकडा आतड्याजवळच्या लसिकाग्रंथीतल्या आकड्यासारखा असेलच असं नाही. रक्तातली प्रतिपिंडं मागे राहिलेल्या पावलांच्या ठशांसारखी असतात: त्यांच्या प्रकारांपैकी आयजीजी-१ आणि आयजीई जास्त तर वळण टीएच-२ चं, आयजीजी-२ए जास्त तर टीएच-१ चं. ब्लॅक सिक्स उंदरात आयजीजी-२ए नसतंच, त्याच्या जागी आयजीजी-२सी असतं. आयजीजी-२ए शून्य आलं म्हणून घाईने निष्कर्ष काढू नका.

शेवटी प्रत्येक उंदराचा वेगळा ठिपका दाखवला आहे का, आणि प्रयोग किती वेळा पुन्हा केला, हे टिपा. नुसता सरासरीचा खांब असेल तर त्यामागे चार उंदीर एकसारखे आणि एक भलताच असूही शकतो.

सातवी पायरी: लगाम कुणाच्या हातात आहे

परजीवी मारण्याचे सांगावे जितके महत्त्वाचे, तितकाच थांबण्याचाही. तो मुख्यतः आयएल-१० देतं. आयएल-१० नसलेल्या उंदराला टोक्सोप्लाझ्मा झाला तर तो परजीवीवर ताबा मिळवतो, तरीही मरतो. त्याच्याच पेशींनी सोडलेल्या सायटोकाइनचा मारा त्याला सोसत नाही. परजीवी कमी असणं हा प्रतिकार. परजीवी असूनही शरीराची नासाडी कमी होणं, ही सहनशीलता. निबंध यातल्या कशाबद्दल बोलतो आहे, हे पानाच्या खाली एका शब्दात लिहा. वजन घटलं का, उंदीर मेला का, हे आकडे त्यासाठीच शोधायचे.

परजीवीही गप्प बसत नाही. हेलिग्मोसोमॉइडिस हा जंत उंदराच्या लहान आतड्यात महिनोन्‌महिने टिकतो, कारण तो स्वतः खोटा सांगावा धाडतो. टीजीएफ-बीटा हा उंदराचा 'शांत राहा' असा निरोप आहे. हा जंत एक असं प्रथिन सोडतो की ज्याची रचना उंदराच्या टीजीएफ-बीटाशी जुळत नाही, तरी ते त्याच रिसेप्टरवर जाऊन बसतं आणि तोच हुकूम देतं. प्रतिकार दाबणाऱ्या टी पेशी त्यामुळे तयार होतात. सांगावा ओळखीच्या आवाजातला असला तरी धाडणारा कोण, हा प्रश्न म्हणून विचारायचा.

उंदीर नसतील तर काय करायचं

आपल्या बहुतेक कॉलेजांत प्राणिगृह नाही, आणि उंदीर आणून वर्गात असे प्रयोग करणं कायद्यात बसत नाही. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे नियम यांप्रमाणे नोंदणीकृत संस्था आणि नैतिकता समितीची मंजुरी लागते, आणि ते योग्यच आहे. पण विचार करण्याची सवय लावायला उंदीरच हवेत असं नाही. गावात शेळ्या आहेत. उस्मानाबादी शेळी तर आपल्या घरचीच. मालकाची परवानगी घ्या आणि कळपातल्या प्रत्येक शेळीच्या लेंडीतली अंडी मोजा.

मिठाचं संपृक्त पाणी करा: गरम पाण्यात मीठ घालत राहा, तळाशी विरघळेनासं झालं की थांबा, गार करून गाळा. शेळीने टाकलेल्या ताज्या लेंड्या लगेच उचला, पिशवीवर शेळीची खूण आणि तारीख लिहा. त्याच दिवशी मोजता आलं नाही तर फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. २ ग्रॅम लेंडी २८ मिलिलिटर मिठाच्या पाण्यात कुस्करा, चहाच्या गाळणीतून गाळा, ढवळता ढवळताच ड्रॉपरने मॅकमास्टर स्लाइडचे (अंडी मोजायच्या, चौकटी आखलेल्या स्लाइडचे) दोन्ही कप्पे भरा. पाच मिनिटं थांबा, अंडी वर तरंगून येतात. दोन्ही कप्प्यांतल्या चौकटींतली अंडी मोजा आणि बेरजेला ५० ने गुणा. हा एका ग्रॅममधल्या अंड्यांचा आकडा.

अंडाकृती, पातळ कवचाचं, आत पेशींचा घोस दिसणारं अंडं स्ट्राँगाइल गटाचं. पावसाळ्यात त्यांत हिमाँकस हा चौथ्या पोटात रक्त पिणारा जंत हमखास असतो. पण नुसत्या अंड्यावरून जातीचं नाव ठरत नाही, त्यासाठी अळ्या वाढवाव्या लागतात. तेवढं नाव वहीत मोकळं सोडा. शेळीच्या खालच्या पापणीचा आतला रंगही बघा. दक्षिण आफ्रिकेत मेंढ्यांसाठी तयार झालेला एक रंगतक्ता आहे, १ म्हणजे लालबुंद, ५ म्हणजे पांढरीफटक. पापणी पांढरी आणि जबड्याखाली पाणी उतरलेलं दिसलं तर मोजणी बाजूला ठेवा आणि पशुवैद्यकाला बोलवा.

आता त्या आकड्यांना उंदराचेच प्रश्न विचारा. शेळी कुठली, वय काय, नुकती व्यालेली आहे का? व्याल्यानंतर काही आठवडे अंडी वाढतात. मात्रा किती, म्हणजे ती गायरानात चरते की दावणीला असते? शेळी मुळात झाडपाला ओरबाडणारी. गवतावरच्या अळ्यांशी तिची मेंढीइतकी गाठ पडत आली नाही, आणि जंतांविरुद्धचा तिचा प्रतिकार मेंढीपेक्षा दुबळा राहण्यामागे हे कारण दिलं जातं. दिवस कोणता, म्हणजे जंतनाशक शेवटचं कधी पाजलं? हे न विचारता 'ही शेळी प्रतिकारक्षम' असं लिहिणारा, वाण न लिहिता उंदराला काटक म्हणणाऱ्याइतकाच चुकतो.

आणि एक मर्यादा मनापासून सांगते. उंदराची साखळी जशीच्या तशी शेळीवर बसवू नका. हिमाँकसला दाद न देणाऱ्या मेंढ्यांत आयएल-४, आयएल-१३, इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी आणि आयजीई यांचं वळण दिसतं, पण टीएच-१ आणि टीएच-२ ची फारकत उंदराइतकी स्वच्छ नाही. शिवाय प्रयोगशाळेतला उंदीर निर्जंतुक खाद्यावर, एका तापमानात, पिंजऱ्यात वाढतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असेच उंदीर उघड्यावरच्या कुंपणात, मातीत सोडले आणि चाबूककृमी दिला. पिंजऱ्यातल्या भावंडांपेक्षा त्यांच्या पोटात जास्त जंत निघाले. वाण तोच होता, फक्त पायाखाली माती आली होती.

गेल्या पावसाळ्यात त्या दोघी मुली एका कळपाच्या लेंड्या मोजत होत्या. बहुतेक पिशव्यांत अंडी थोडी, आणि दोन-तीन पिशव्यांत स्लाइड भरून. असं विषम वाटप जंतांच्या बाबतीत नेहमीच दिसतं, पण स्वतःच्या डोळ्यांनी बघण्याची गोष्ट वेगळी. कळपाचे मालक शेजारी उकिडवे बसले होते. त्यांनी एक काळी शेळी दाखवली. "ही बगा माय, हिला अवशीद कदीच लागत न्हाई. हिच्या मायलाबी लागत नव्हतं." मुलींनी पिशवी शोधली. तिच्यात दोन्ही कप्पे मिळून एकच अंडं होतं. त्यांनी वहीत पान उघडलं, शेळीची खूण लिहिली, वय लिहिलं, आईबद्दल मालक जे बोलले ते शब्दशः लिहिलं, शेवटच्या औषधाची तारीख विचारून घेतली, आणि पुढची मोजणी दिवाळीनंतर असं लिहून खालची जागा रिकामी ठेवली.